काच झाडली होतीस का?

संपादकांनी पत्र पाठवून ‘इंजिनावरच्या गमतीजमती’ लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत. रुळांवर भाताच्या पेंढ्या वाळत घालून वर ‘जरा थांबा, उलटवते’ म्हणणारी वडवलीची काकू आहे. पांढरीशुभ्र पॅंट घालून बॉयलर तपासायला येणारे आणि दर वर्षी काळे होऊन परत जाणारे इन्स्पेक्टर आहेत. बाळंतिणीच्या शेकासाठी घमेलं घेऊन निखारे मागायला येणाऱ्या बायका तर रोजच्याच. पण लिहायला बसलो की हात एकाच सकाळीपाशी जातो. तेव्हा तीच लिहितो. गमती राहू देत.

आमची गाडी सरकारी नव्हती. मुंबईचे एक शेठ होते, त्यांची डोंगरात लाकडाची आणि कोळशाची वखार. तिथून म्हसळ्याच्या अलीकडे खाडीच्या एका फाट्यावर बंदर, तिथपर्यंत सात मैलांची अरुंद लाइन. रूळ इतके जवळ की माणूस दोन पाय फाकून दोन्हींवर उभा राहील. इंजिनं दोन, नंबर दोन आणि नंबर तीन. नंबर एक कोणी पाहिलंच नव्हतं. लोक त्यांना शेठचे बंब म्हणत. न्हाणीघरातल्या बंबासारखंच धुराडं, तसंच पोट, तसाच धूर.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी तिथे फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, म्हणून लागलो. घर माणगावजवळच्या खेड्यात, भाताची शेती, पण खाणारी तोंडं जास्त. बाकीचे मुंबईला गिरणीत गेले, मी डोंगर उतरून इकडे आलो. नंबर तीनचे ड्रायव्हर कासमचाचा. म्हसळ्याचे. तरुणपणी आगबोटीवर कोळसा ओढला होता, एडन आणि मोंबासा पाहिलं होतं. पण सांगायचे ते फक्त तिथल्या इंजिनरूमबद्दल. शहर कसं होतं विचारलं तर म्हणायचे, “काय माहीत, मी खालीच होतो.”

वाफेचं इंजिन किल्ली फिरवून सुरू होत नाही. पहाटे भट्टी पेटवावी तेव्हा कुठे तीन-चार तासांनी वाफ धरते. बॉयलर म्हणजे आडवं पिंप. एका टोकाला भट्टी, भट्टीच्या चारी बाजूंनी आणि छतावरही पाणी. सगळी अक्कल या छतावरच्या पाण्यात आहे. पाणी आहे तोवर छताचा पत्रा शाबूत. पाणी खाली गेलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि वरची वाफ तो फाडून खाली येते. अशा इंजिनावरच्या माणसांचं काय होतं ते चाचांनी एकदा बंदरात बघितलं होतं. काय बघितलं ते सांगत नसत.

आत पाणी किती हे बाहेरून कळायला ड्रायव्हरसमोर एक जाड काचेची नळी असते. वर एक तोटी, खाली एक तोटी, दोन्ही बॉयलरला जोडलेल्या. नळीत पाणी दिसतं तेवढं आत आहे असं धरायचं. पण आमचं पाणी ओहोळाचं, गढूळ. खालच्या तोटीत चिखल बसतो. म्हणून रोज सकाळी निघायच्या आधी तोट्या उघडून वाफ सोडायची, नळी मोकळी करायची आणि पाणी पुन्हा चटकन वर चढतं का ते पाहायचं. याला आम्ही काच झाडणं म्हणत असू. दोन मिनिटांचं काम, आणि ते फायरमनचं. चाचा रोज फूटप्लेटवर चढताना पहिला प्रश्न हाच विचारायचे, “काच झाडली?” मी “झाडली” म्हणायचो. सात वर्षं हे चाललं.

त्या फाल्गुनात माझा साखरपुडा झाला. गावाहून पहाटे चालत निघालो आणि वखारीत पोचलो तेव्हा वॉचमनने भट्टी पेटवून वाफ तयार ठेवली होती. गाडी सुटायला दहा मिनिटं. बरोबर आणलेले पेढे मी चाचांना दिले. ते खूश झाले, मुलगी कुठली, सासरा काय करतो, शिकलीय का, असं विचारत बसले. डबे भरलेले होते. कोळशाची पोती आणि त्यांच्यावर म्हसळ्याच्या बाजाराला निघालेली चाळीस-पन्नास माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. मी काचेकडे पाहिलं. अर्धी नळी पाणी. ठीक दिसलं. शिट्टी दिली.

वखारीचं शेवटचं, सागवानाच्या थप्प्यांचं आवार ओलांडताना लाइनला वळण होतं. तिथे गाडी नेहमी हिसके खाते. चाचा बोलता बोलता थांबले.

“गणपत,” ते म्हणाले, “काचेतलं पाणी हलत न्हाय.”

मी पाहिलं. इंजिन डावी-उजवीकडे डोलत होतं आणि नळीतलं पाणी मात्र ताटातल्या दह्यासारखं घट्ट. चाचांनी गाडी थांबवली, खालची तोटी उघडली. चमचाभर चिखल आला आणि मग कोरडी वाफ. पाणी नव्हतंच. आम्ही जे पाहत होतो ते नळीत अडकून पडलेलं शिळं पाणी.

“पाणी सोडू?” मी विचारलं.

“हात लावू नको!” ते ओरडले. तापलेल्या छतावर गार पाणी पडलं की एका क्षणात इतकी वाफ होते की बॉयलर फुटतो. “माणसं उतरव. लांब. पळव त्यांना.”

मी ओरडत मागे पळालो. लोक हसत होते, कोणाला वाटलं वाटेत जनावर आलं. मी बायांना हाताला धरून खाली ओढलं. वळून पाहिलं तर चाचा एकटे इंजिनावर, लांब सळईने भट्टीच्या जाळीचे गज उचकटून निखारे खाली रुळांवर पाडत होते. आग गेली की धोका गेला. ही एकच वाट होती. पण फाल्गुनातलं गवत, वारा आणि पंधरा हातांवर सागवानाच्या थप्प्या. दुपारपर्यंत अर्धं आवार जळत होतं. माणूस एकही दगावला नाही. चाचांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. चाचांचे हात केळीच्या पानात बांधलेले.

“पाणी कमी कशामुळे झालं?” साहेबांनी विचारलं.

“काच खोटं बोलली, साहेब,” चाचा म्हणाले. “नळी तुंबली व्हती.”

साहेब माझ्याकडे वळले. “सकाळी काच झाडली होतीस का?”

मी त्या वेळी काय विचार केला हे मला पुष्कळ जणांनी विचारलं आहे, म्हणजे मीच पुष्कळदा विचारलं आहे. विचार केलाच नाही. लग्न ठरलं होतं, नोकरी गेली तर मोडलं असतं, हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त तोंडातून रोजचा शब्द आला.

“झाडली होती, साहेब.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. काहीच बोलले नाहीत. साहेबांनी लिहिलं की काच ठीक होती, ड्रायव्हरने घाबरून, विनाकारण, तेही थप्पीजवळ भट्टी पाडली. चाचा त्याच दिवशी गेले. सहा महिन्यांनी नंबर तीनचा ड्रायव्हर मी झालो.

मी गाडी चांगली चालवली. एकदाही काच झाडायची चुकवली नाही. पण एक गोष्ट मला येत नव्हती. वाफ सिलिंडरमध्ये कोणत्या क्षणी शिरावी आणि कोणत्या क्षणी सुटावी याचा मेळ बसवणं. चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन चार भपकारे टाकतं. चारही सारख्या अंतराने आले तर इंजिन सरळ चालतंय. चाचा ते कानाने ऐकून, सळया चिमूटभर इकडेतिकडे करून जुळवायचे. ‘पुढच्या वर्षी शिकवतो’ म्हणाले होते. ते पुढचं वर्ष आलं नाही. मग मुंबईहून एक फिटर येऊन कसंबसं जुळवून जायचा.

पुढे डोंगरातून रस्ता झाला, ट्रक आले आणि गाडी बंद पडली. रूळ उचलायला लागले. नंबर दोन कुठेतरी गेलं. नंबर तीन बंदराच्या शेडमध्ये उभं राहिलं आणि मी त्याच शेडचा रखवालदार झालो.

तिथे एका रविवारी दोन गृहस्थ आले. एक पेस्तनजी, मुंबईचे पारशी, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. दुसरे लिमये सर, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. दोघांना वाफेच्या इंजिनाचं वेड. जुनी इंजिनं हुडकत, त्यांचे फोटो काढत गावोगाव हिंडायचे. पेस्तनजींनी नंबर तीनच्या पोटावर हात फिरवला आणि डोळे पुसले. मी मनात म्हटलं, बरा आहे ना हा माणूस?

ते दोघे शेठना जाऊन भेटले. शेठ तेव्हा थकले होते, पण या बंबावर त्यांचा जीव. त्यांनी सांगितलं, “माझ्या डोळ्यांदेखत एकदा चालवून दाखवा. इंजिन, शेड आणि मैलभर रूळ तुम्हाला लिहून देतो. सांभाळा.”

मग दर शनिवारी-रविवारी दोघे एस.टी.ने यायचे. मी मदतीला. मला त्यांचं बोलणं ऐकायला मजा यायची. इंजिन दुरुस्त करावं की आहे तसं जपावं यावर दोघांचं कधी जमलं नाही.

“नळ्या बदलणार, पत्रा बदलणार, रंग नवा देणार,” लिमये सर म्हणायचे. “मग जुनं इंजिन उरलं कुठे? त्यापेक्षा तेलपाणी करून उभं ठेवू. लोक येऊन बघतील.”

“उभं ठेवलेलं इंजिन म्हणजे मढं,” पेस्तनजी उसळायचे. “अरे डिकरा, माजे दात नवे, चश्मा नवा. म्हणून काय मी पेस्तनजी न्हाय?”

एकदा लिमये सरांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “सर, गाडी चालू होती तेव्हाच आम्ही नळ्या तीनदा बदलल्या. धुराडं दोनदा. तुम्ही ज्याला जुनं म्हणताय ते कधीच जुनं नव्हतं.” त्यावर लिमये सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पावसाळ्याच्या अखेरीला बॉयलर तयार झाला. पाणी दाबून तपासणी झाली, इन्स्पेक्टरने शिक्का दिला. भट्टी पेटवली, वाफ धरली, इंजिन चाललं, पण लंगडत. तीन भपकारे, मग खंड, मग चौथा. अशा चालीने ते चढावर नुसतं थरथरून उभं राहायचं. पेस्तनजींनी सगळे उपाय केले. वर्कशॉपात हे काम मापाने होतं, इथे मापंच झिजून गेलेली.

“आधी कोण जुळवत होता?” त्यांनी मला विचारलं.

“कासमचाचा होते,” मी म्हटलं. “आता नाहीत.”

आता कामावर नाहीत, असं मी मनात म्हटलं. त्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. पेस्तनजींनी डोक्यावरची टोपी काढली.

दोन महिने असेच गेले. शेठची तब्येत ढासळली. कार्तिकात निरोप आला की शेठ गेले. त्यानंतरच्या रविवारी लिमये सर शेडमध्ये शिरले ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“गणपतराव, चहाच्या टपरीवर कळलं. कासमभाई म्हसळ्याला मशिदीमागे राहतात. तुम्ही म्हणालात, नाहीत.”

 ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “आता तुम्हीच जाऊन त्यांना घेऊन या.”

गेलो. चाचा ओसरीवर बसून स्टोव्ह दुरुस्त करत होते. नोकरी गेल्यापासून गावाचे स्टोव्ह तेच करायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोटांनी पिन अचूक छिद्रात बसवत होते. त्यांची लेक झुलेखा दारात आली. मला ओळखलं आणि तिचा चेहरा कठीण झाला.

“आता कशाला आलात?” ती म्हणाली. “दहा-अकरा वर्षांत न्हाय आलात.”

“कोण हाय गं?” चाचांनी विचारलं.

“मी गणपत, चाचा.”

“बस. वाफेवरून राकेलवर आलो बघ,” ते हसत म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, “चाचा, त्या दिवशी मी काच झाडली नव्हती.”

“ठाऊक हाय.”

“मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?”

त्यांनी स्टोव्हला हवा भरली, कानाशी धरून ऐकला. “रोज विचारत व्हतो तुला. त्या दिवशी विचारलं न्हाय. तुजे पेढे खात व्हतो. डायवर मी, चूक माजीपण. साहेबाला काय सांगू?” मग थोडं थांबून म्हणाले, “पण तू खोटं बोललास ते तुजं. ते मी घेत न्हाय.”

मी इंजिनाबद्दल सांगितलं. झुलेखा “नको अब्बा” म्हणाली. चाचा तोवर चपला शोधत होते.

शेडमध्ये ते आले, इंजिनाच्या बाजूने हात फिरवत एकदा पूर्ण फिरले. मला हळू चालवायला लावलं आणि स्वतः बाजूने चालत राहिले, मान वाकडी करून. “थांब.” सळईचा नट पाव फेरा फिरवायला सांगितलं. “पुन्हा.” पेस्तनजी त्यांच्यामागे वही घेऊन, शाळेतल्या पोरासारखे. दुपारी एकाच्या सुमारास चार भपकारे आले. सारखे. लिमये सर मला म्हणाले, “दोन तास लागले.” ‘दोन महिने’ हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत.

पुढच्या रविवारी शेठचे चिरंजीव मोटारीने आले. दीड-दोनशे माणसं जमली होती. मैलभर रुळांवर नंबर तीन चार वेळा गेलं आणि आलं. पेस्तनजींनी रेग्युलेटरचा, वाफ सोडायचा दांडा चाचांच्या हाती दिला आणि मी फायरमनच्या जागी कोळसा टाकला. निघताना चाचांनी विचारलं, “काच झाडली?” मी म्हटलं, “झाडली.” आणि तोटी उघडून त्यांना आवाजही ऐकवला.

धाकट्या शेठांनी फोटो काढून घेतले, कौतुक केलं. लिहून देण्याचं विचारल्यावर म्हणाले, “वडील बोलले असतील. मला काही सांगितलं नाही. बघू.” महिन्याभराने भंगारवाल्याचा ट्रक आला. गॅसच्या ज्योतीने इंजिन कापायला दोन दिवस लागले. शेडचा रखवालदार मीच, म्हणून कुलूप मीच उघडलं. पेस्तनजींना तार केली होती, ते दुसऱ्या दिवशी पोचले. तोवर बॉयलरचे तीन तुकडे झाले होते. ते बाहेर नारळीखाली बसून राहिले. जाताना म्हणाले, “माताऱ्याला सांगू नको हां. त्याला दिसते कुठे? चालते हाय, असंच बोल.”

त्यांचं म्हणणं प्रेमाचं होतं. मला ते फार सोपंही गेलं असतं. तेवढं बोलणं मला येतच होतं.

मी ते कापलेलं पाहून आठवडाभर म्हसळ्याला गेलो नाही. शेठ जिवंत असताना, त्या दोन महिन्यांत एकदा एस.टी.त बसलो असतो तर इंजिन आज उभं असतं. कदाचित चालत असतं. या गोष्टीवर मी पुढे किती हिशेब मांडले, पण उत्तर तेच येतं. मग एका दुपारी गेलो.

“कसं चाललंय?” चाचांनी माझा आवाज ऐकताच विचारलं.

“तोडलं, चाचा. धाकट्या शेठनी विकलं. आणि शेठ असताना मी तुम्हाला बोलावलं असतं तर वाचलं असतं. तुम्ही नाहीत असं मी त्यांना सांगितलं होतं.”

झुलेखाने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. चाचांनी हातातला स्टोव्ह खाली ठेवला.  रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ ओसरीवर येऊन बसली.

मग त्यांनी विचारलं, “कापलं तेव्हा भट्टी तरी थंड व्हती ना?”

“थंड होती, चाचा.”

“पाणी काढलं व्हतं?”

“मीच काढलं. आदल्या दिवशी.”

त्यांनी मान हलवली, चाचपडून स्टोव्ह पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, “तेवढं बरं केलंस.”